शनिवारची उलथणी

मागच्या संक्रांतीला आमच्या घरच्या हळदीकुंकवात मी बायकोला इमारतीतल्या तमाम बायकांमध्ये वाण म्हणून लोखंडी उलथणी वाटायला लावली. त्या दिवशी शनिवार होता.

ह्यात काय बिघडलं ते ज्यांना कळलं नाही त्यांनी घरातल्या कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला विचारावं. शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत. आणलं तर मागोमाग शनिमहाराज येतात, आणि आले की बूड टेकून बसतात. मला हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. साठी ओलांडलेल्या कोकणी माणसाला हे माहीत असतंच. आमच्या आईने तर शनिवारी साधी टाचणीसुद्धा विकत आणू दिली नाही कधी. पण माणूस दुसऱ्यावर जळायला लागला की आधी त्याच्या डोक्यातून वार जातात. माझे गेले.

आणि हे सगळं कशामुळे, तर एका सोलाण्यामुळे.

आम्ही बोरिवलीच्या ह्या टॉवरमध्ये राहायला येऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. आधी सगळं आयुष्य घाटकोपरला गेलं. तिथे बायकोने हाक मारली की चार दारं उघडतील अशी वट होती. इथे दारांना आतून लॅच आणि बाहेर कॅमेरा. लिफ्टमध्ये बायका भेटायच्या, हसायच्या, आणि आपापल्या मजल्यावर उतरून जायच्या. पहिल्या संक्रांतीला हिला दोन घरची बोलावणी आली, तीसुद्धा 'सातव्या मजल्यावरच्या नवीन आहेत ना, त्यांना पण सांगा' अशी. ती परत आली तेव्हा तिच्या हातात वाण होतं आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसून आल्यासारखे भाव. म्हणाली, "पुढच्या वर्षी आपल्याकडे करायचं. सगळ्यांना बोलवायचं. एकदा घरात येऊन बसल्या ना, की मग ओळख होते." एवढंच तिला हवं होतं. चार बायकांनी आपल्या घरात येऊन मांडी घालून बसावं.

मी त्या वेळी तिचं ऐकत नव्हतो. तिने आणलेल्या वाणाकडे बघत होतो. समोरच्या वहिनींनी वाण म्हणून चक्क भाज्या सोलायचं जर्मन सोलाणं दिलं होतं.

ह्या समोरच्यांबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या दारासमोर दार. नवरा-बायको दोघंच, आमच्याच वयाची. मुलगी जर्मनीत. ती येताना दोन बॅगा भरून आणते आणि जाताना रिकाम्या नेते. त्यामुळे त्या घरात हाताला लागेल ती वस्तू तिकडची. सकाळी त्यांचं कॉफीचं मशीन सुरू झालं की वास दाराखालून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून आमच्या दाराखालून थेट माझ्या नाकात. मी तेव्हा आमची पावडरची कॉफी चमच्याने ढवळत असतो. एकदा त्यांचा आपोआप फिरणारा झाडू उघड्या दारातून बाहेर आला. तबकडीसारखं ते यंत्र घरघर करत पॅसेज ओलांडून आमच्या उंबरठ्यापर्यंत आलं, थबकलं, आमच्या घराकडे बघितल्यासारखं केलं आणि गर्रकन वळून परत गेलं. यंत्रानेसुद्धा नाक मुरडावं म्हणजे काय!

बरं, माणूस दुष्ट असता तर किती सोयीचं झालं असतं. पण तो नाही. पहिल्या दिवसापासून मला अरे-तुरे करतो आणि वस्तू देत सुटतो. "अरे, छत्री घे ना यार, माझ्याकडे दोन आहेत. बटण दाबलं की उघडते, परत दाबलं की मिटते. झकास आहे." मी म्हणालो, "नको, आपली काळी छत्री बरी." त्या दिवशी आपली काळी छत्री उलटी झाली आणि मी स्टेशनपासून घरापर्यंत एक काठी हातात धरून आलो. लिफ्टपाशी तो भेटला. नुसतं बटण दाबून छत्री मिटली. खट्.

अशा वेळी माणसाने काय करावं? तत्त्व काढावं. मीही काढलं. 'मला ते परवडत नाही' असं म्हणण्यापेक्षा 'मी ते घेत नाही' हे म्हणायला केव्हाही बरं. मी स्वदेशी झालो. इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी मी देशी साबण, देशी चप्पल, देशी पेन ह्यांवर एकेक परिच्छेद लिहू लागलो. आपली वस्तू घ्या, आपल्या माणसाच्या हाताला काम द्या. लोक खाली नमस्काराचे हात टाकायचे. समोरचा अंगठा टाकायचा. त्याचा तो अंगठा मला टोचायचा. हा माणूस माझ्याशी भांडत का नाही?

ह्या माझ्या तत्त्वाची एक आतली बाजू होती ती लपवत नाही. वहिनींनी दिलेली तिकडची चॉकलेटं मी "आमच्याकडे चालत नाहीत" म्हणून परत करत असे. हिने त्यातलं एक पाकीट मागच्या मागे ठेवून घेतलं आणि तांदळाच्या डब्यात लपवलं. ते संपलं. तिने एकही खाल्लं नव्हतं.

खरं स्वदेशी मी वडिलांचं पाहिलंय. ते गिरणीत साच्यावर कापड विणायला होते. दुकानात कापड दाखवलं की ते काठ चिमटीत धरून चोळत, उजेडाकडे धरत आणि म्हणत, "हं, हे कोणीतरी लक्ष देऊन विणलंय." तेवढ्यावर घेत. कुणाच्या नावाने बोटं मोडत नसत. विणणाऱ्याचा हात दिसला की त्यांना बरं वाटे. माझ्या स्वदेशीत विणणारा कुठे नव्हताच. माझ्या स्वदेशीत फक्त समोरचा होता.

तर ते सोलाणं. हिच्या हातून ते सुटेना. "अहो, काकडी सोलताना कळतच नाही. कागदासारखी साल निघते." मग दुधी, मग बटाटे, मग कैरी. एकदा तर सफरचंद सोलून दिलं मला, जे आम्ही जन्मात कधी सोललं नव्हतं. खाली बाकावर बायका बसलेल्या असत, त्यांचंही तेच. "वहिनींचं सोलाणं, नाही का!" वर्षभर इमारतीत दुसरा विषय नव्हता. वाण म्हणून मिळालेल्या वस्तू कोण लक्षात ठेवतं हो? प्लॅस्टिकच्या टोपल्या, चहाच्या गाळण्या, त्या पुढच्या वर्षी दुसऱ्याला जातात. पण हे सोलाणं प्रत्येक घरात होतं, ओट्यावर, हाताशी. समोरचा माणूस सोलाण्याच्या रूपाने घराघरांत जाऊन बसला होता. माझ्यासुद्धा.

पुढची संक्रांत आली. हिने शनिवार ठरवला, कारण नोकरीवाल्या बायकांना सुट्टी. वाण म्हणून मार्केटमध्ये झाकणाच्या स्टीलच्या डब्या बघून ठेवल्या होत्या.

मी म्हणालो, "डब्या सगळेच देतात. वाण माझ्यावर सोड."

"तुमच्यावर?" तिने पाकातला चमचा तसाच वर धरला. "काय आणणार आहात?"

"आपलं. अस्सल आपलं. बघशील तेव्हा बघ."

"अहो, माझं पहिलं हळदीकुंकू आहे इथलं. भलतंसलतं काही नको हं."

"वर्षभर नाव काढतील," मी म्हणालो. हे मात्र खरं ठरलं.

आमच्या गावी कुडाळच्या बाजूला एक लोहार आहे. चुलतभावाला फोन करून मी त्याच्याकडून छोटी, सुबक लोखंडी उलथणी घडवून घेतली. भाऊ म्हणाला, "उलथणी काय करतलंस इतकी? हॉटेल काढलंस की काय रे?" गावच्या खासगी बसने पोतं आलं. दहिसर चेकनाक्यावर उतरवून घेताना माझी कंबर धरली, पण मन हलकं झालं होतं. एकेक उलथणं खोबरेल तेलाचा हात लावून कागदात गुंडाळलेलं. मूठ पीळदार, पातं पातळ. मी एक काढून वडिलांसारखं उजेडाकडे धरलं. उगीच. लोखंडातून काय दिसणार? मग प्रत्येकाला एक छापील चिठ्ठी दोऱ्याने बांधली: 'आपलं लोखंड, आपला लोहार, आपलं घर.' पोतं सोफ्याच्या पेटीत लपवलं.

हळदीकुंकवाला पुरुषांनी घरात असू नये असा संकेत आहे आणि त्यामागे अनुभव आहे. मी बाहेर गेलो नाही. मला कौतुक ऐकायचं होतं. मी आतल्या खोलीत, दाराला कान लावून, स्टुलावर बसलो.

सुरुवात तर फार छान झाली. दार सारखं वाजत होतं. काळ्या साड्यांची सळसळ, बांगड्या, अत्तराचा वास. बायका खरोखरच आल्या होत्या, आणि बसल्या होत्या. हिचा आवाज मी घाटकोपर सोडल्यापासून इतका मोकळा ऐकला नव्हता. मग मी ठरल्याप्रमाणे आतून ओरडलो, "सोफ्याच्या पेटीत!"

पेटी उघडल्याचा आवाज. पोतं ओढल्याचा. कागद.

"अगं बाई," कोणीतरी म्हणालं. "लोखंड?"

"आज शनिवार ना?" दुसरी.

"छानच आहे हो, पण माझ्या सासूबाई दारातूनच परत पाठवतील मला. उलथण्यासकट."

"आमच्या ह्यांची साडेसाती आत्ता कुठे संपत आलीये..."

"आणि आमचे सगळे तवे नॉनस्टिक. चरे पडतील ना?"

"मी असं करते, उद्या येऊन घेऊन जाते हं." हे एकीने म्हटलं आणि सगळ्यांना वाट सापडली. उद्या येते, उद्या येते, उद्या नक्की. पदर सावरल्याचे, उठल्याचे आवाज. एकीने घेतलेलं उलथणं चपलांच्या रॅकवर ठेवल्याची टण् असा आवाज मला आतपर्यंत आला. मधूनच हिचा आवाज, अगदी बारीक झालेला: "बसा ना, कॉफी घेऊन जा ना. अहो, बसा ना थोडं."

त्या वेळी मी गप्प राहायला हवं होतं. मी दार उघडून बाहेर आलो.

"भगिनींनो," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच हा शब्द वापरला. "लोखंड हे आपल्या मातीतलं आहे. त्याला वार नसतो. जर्मन सोलाणं घरात घेताना कोणी वार बघितला होता का?"

समोरच्या वहिनी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं शरमल्या. त्या हसू दाबत होत्या.

"तुम्ही आत जा," ही म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी पाहिलं, आणि तरी माझ्या मनात काय आलं सांगू? वहिनींनी त्या सोलाण्याचं पातं पोलादाचं असूनही मागच्या वर्षी बरोबर बुधवार कसा साधला? नशीबसुद्धा त्यांचं इम्पोर्टेड.

मग वहिनी उठल्या. एक उलथणं हातात घेतलं, तोललं, पात्यावरून बोट फिरवलं.

"काय सुंदर घडवलंय," त्या म्हणाल्या. "असं करू या का? आजचा दिवस हे सगळं पोतं माझ्याकडे राहू दे. माझ्या पत्रिकेत शनी उच्चीचा आहे, मला चालतो. शिवाय आमच्या घरात शिरल्यावर त्याला वाटेल आपण परदेशातच आलो, तो कशाला थांबतोय?" बायका हसल्या. "उद्या रविवार. सकाळी सगळ्यांनी माझ्याकडे यायचं. मी घावनं करते आणि आपापलं वाण ह्यांच्या हातून घ्यायचं," असं म्हणून त्यांनी हिचा हात धरला. "आणि आत्ता कोणी उठायचं नाही. कॉफी झालीये ना?"

सगळ्या परत बसल्या.

पोतं मीच उचललं. पलीकडून समोरच्याने दुसरं टोक धरलं. "अरे यार, कसलं जड आहे रे! कंबर सांभाळ. माझ्याकडे पट्टा आहे तिकडचा, देऊ?"

"नको," मी म्हणालो.

रविवारी सकाळी ही गेली. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी पेपर उघडून दारापाशीच्या खुर्चीत बसलो, कारण तिथे उजेड चांगला येतो. पॅसेजमधून आज कॉफीचा वास येत नव्हता. तांदळाच्या घावनाचा येत होता, कडा करपतात तेव्हा येतो तो, थेट आमच्या गावच्या चुलीचा. आणि आवाज. बिडाच्या तव्यावर लोखंडी उलथणं घासलं की जो खरखर आवाज येतो तो मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता.

बिडाचा तवा! त्यांच्याकडे बिडाचा तवा होता. वहिनींना लग्नात आईने दिलेला, माळ्यावर जपून ठेवलेला, हे मला मागाहून कळलं. मी उठून आमच्या स्वयंपाकघरात गेलो. आमच्याकडे नॉनस्टिक. उलटा करून बघितला. कुठे बनला ते मागे लिहिलं होतं. मी तो तसाच परत टांगला, मागची बाजू भिंतीकडे करून.

मी आजवर त्या माणसाच्या कॉफीवर जळलो, छत्रीवर जळलो, झाडूवर जळलो. पण ते सगळं तिकडचं होतं, त्याला माझ्याकडे उत्तर होतं. आता मी एका काळ्या, जड, अस्सल देशी तव्यावर जळत उभा होतो. वर्षभर ग्रुपवर परिच्छेद मी लिहिले, आणि तवा त्यांच्या माळ्यावर.

मोबाइल वाजू लागला. ग्रुपवर फोटो येत होते. घावन उलटताना. उलथणी हारीने मांडलेली. सगळ्या बायका उलथणी तलवारीसारखी उंच धरून उभ्या, मधोमध वहिनी. खाली एकामागून एक: 'वहिनी, काय कल्पना!' 'आपलं ते आपलं!' 'ह्याला म्हणतात स्वदेशी!' माझ्या चिठ्ठीचाही फोटो होता. 'किती सुंदर शब्द, वहिनी.' शेवटी सेक्रेटरींनी लिहिलं होतं की ह्या वर्षी सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर समोरच्या साहेबांनी स्वदेशीवर चार शब्द बोलावेत.

त्या चार शब्दांसाठी मी वर्षभर लिहीत होतो हे त्या ग्रुपवर कोणालाही माहीत नव्हतं. समोरच्याने खाली लिहिलं: 'अरे, हे तर आमच्या समोरच्या मालवणी लोहाराचं काम.' म्हणजे मी लोहार झालो. त्याखाली पुन्हा सगळ्यांचे अंगठे.

ही दुपारी परत आली. चेहरा उजळलेला. हातात झाकलेली ताटली, पदराला पिठाचे डाग. आल्या आल्या बोलत सुटली. "वरच्या मजल्यावरची कुडाळचीच निघाली. दुसरीला गावच्या लोहाराचा पत्ता हवा होता, मी माझा नंबर दिला. मंगळवारी सगळ्या आपल्याकडे येणार आहेत, मी नारळाच्या रसातले शिरवाळे करणार आहे, मग पुढच्या मंगळवारी तिसरीकडे. आणि माहितेय का, वहिनी सगळ्यांना सांगत होत्या, वाण हिने आणलंय हं, मी नुसतं राखलं. मलाच लाज वाटली."

ती गेल्या दीड वर्षात इतकी बोलली नव्हती. शहाण्या माणसाने इथे हसून ताटली उघडली असती.

"म्हणजे सगळं नाव त्यांचंच झालं," मी म्हणालो.

ती थांबली. "काय?"

"अगं, कल्पना माझी. लोहार माझा. चिठ्ठी माझी. पोतं उचलून माझी कंबर गेली. आणि भाषण तो करणार! त्याच्या घरात सुईसुद्धा तिकडची. निदान स्वदेशी तरी माझं होतं!"

ती स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं पाणी आणायला गेली. ती काकडी घेऊन आली, आणि ते सोलाणं. दोन्ही माझ्या हातात ठेवलं.

"घ्या. कोशिंबिरीला सोलून द्या," ती म्हणाली. "सोलाणं जर्मन आहे, तुमच्या हातूनसुद्धा बिघडणार नाही."